वड्याला हात कुणाचा

'हात न लावता बनवलेले.' फरसाणाच्या पुड्यावर, आइस्क्रीमच्या डब्यावर, लोणच्याच्या बरणीवर हे चार शब्द आपण इतक्यांदा वाचलेत की आता त्यांच्याकडे लक्षही जात नाही. सध्या मात्र ते नव्या तोंडून ऐकू येताहेत. हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या रोबोटचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. स्टीलचा हात बर्गरची टिक्की उलटतो, बटाट्याची जाळी तेलातून उचलतो, झटकतो, पुन्हा सोडतो. आमच्या गावच्या ग्रुपवर हा व्हिडिओ आला तेव्हा लगेच त्याच्या खाली कुणीतरी वडापावच्या गाडीचा फोटो टाकला आणि लिहिलं, 'हे बघा आणि आपलं बघा.'

आमचं गाव वडिवळे, मावळातलं. पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचं आणि आत यायचं. धरण आहे, इंद्रायणी भाताची खाचरं आहेत, आणि भातावर वर्ष निघत नाही म्हणून लोणावळ्याच्या हॉटेलांत नाहीतर एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये कामाला जाणारी पोरं आहेत. म्हणजे ज्या हाताबद्दल ही सगळी चर्चा चालते, तो हात आमच्याकडचा. तो खाण्यापासून लांब ठेवायची कल्पना आली कुठून, आणि लांब ठेवल्यावर खाणं खरंच सुरक्षित झालं का, याचा इतिहास मला शोधावासा वाटला. त्याची सुरुवात अमेरिकेत नाही, आमच्या घाटाच्या पायथ्याशीच करता येते.

भोर घाटातून रेल्वे १८६३ साली धावू लागली. घाटाची चढण काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतकी आहे. त्यामुळे मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोर देणारं जादा इंजिन लावतात. त्याला बँकर म्हणतात. बँकर लागेपर्यंत गाडी थांबते, आणि त्या थांब्यावर कर्जतचा दिवाडकरांचा वडा मोठा झाला. गाडी सुटायच्या आत हातात पडला पाहिजे, ताट-वाटीशिवाय खाता आला पाहिजे, आणि परवा खाल्ला तसाच आज लागला पाहिजे. फास्ट फूडची व्याख्या यापेक्षा वेगळी काय असते? पुढे १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं मानलं जातं. तिथेही गिऱ्हाईक तेच होतं, घाईतलं, गाडी पकडणारं. घाटाच्या वर लोणावळ्यात याच प्रवाशांनी चिक्की घरोघरी नेली.

आता या वड्याकडे जरा अन्नसुरक्षेच्या नजरेने पाहू. बटाटे उकडतात, कुस्करतात, फोडणी देतात, हाताने गोळे वळतात, पिठात बुडवून तेलात सोडतात. चांगलं तापलेलं तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसला असतं. त्यात जिवंत जंतू टिकत नाहीत. वडा कढईतून थेट पुढ्यात आला आणि चटका लागेल इतका गरम असताना खाल्ला, तर रस्त्यावरच्या खाण्यात त्याच्याइतकं निर्धोक दुसरं फारसं काही नाही. धोका असतो तो कढईच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे म्हणजे सारणात. उकडलेला बटाटा सकाळपासून उन्हात झाकून ठेवला, की साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, आणि त्यातले काही जंतू असं विष तयार करून ठेवतात की पुढे तळणीत जंतू मेले तरी विष उरतंच. पलीकडे म्हणजे हिरव्या चटणीत. तिला विस्तव लागत नाही, तिच्यात पाणी कुठलं आहे ते दिसत नाही, आणि ती दिवसभर उघडी असते. शिवाय नोटा मोजलेल्या हातानेच पाव चिरला जातो.

हे लक्षात ठेवून पुन्हा तो व्हिडिओ बघा. रोबोट कुठे उभा आहे? तळणीपाशी. म्हणजे जंतूंचा धोका जिथे सगळ्यात कमी, नेमका तिथेच.

यात रोबोट बनवणाऱ्यांची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. तळणीचं काम यंत्राला सोपं जातं. तीच जाळी, तेच तेल, तेवढीच मिनिटं. माणसाला ते नकोसं असतं, हात भाजतात, उष्म्याने जीव जातो, माणसं टिकत नाहीत. मिसो रोबोटिक्स या कंपनीचा 'फ्लिपी' मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाच्या कॅलिबर्गरमध्ये लागला. टिक्क्या इतक्या ठरल्या वेगाने बाहेर पडू लागल्या की त्यावर कांदा-टोमॅटो रचून पाव बंद करणारी माणसंच मागे पडली. एका दिवसात फ्लिपीला सुट्टी द्यावी लागली आणि माणसांना त्याच्या वेगाची सवय लावायला घेतली. पुढे २०२० मध्ये व्हाइट कॅसल या साखळीने त्याला फ्राइजच्या तळणीवर आजमावायला घेतलं. बंगळुरूच्या मुकुंदा फूड्सने डोसा घालणारं यंत्र काढलं. मूळच्या पुण्याच्या प्रणोती नगरकर यांनी सिंगापुरात २००८ साली कंपनी काढून पोळ्या करणारं रोटीमॅटिक आणलं, आणि परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत ओट्यावर ते दिसू लागलं. या सगळ्यांची मूळ गरज वेळेची होती, मजुरीची होती, रोज सारखं करण्याची होती. स्वच्छता हा जाहिरातीत नंतर आलेला शब्द आहे. पण जाहिरातीत तोच सगळ्यात जास्त चालतो. आपल्याकडे तर फारच. का, ते बघायला पुण्यात एका चहाच्या कपापाशी जावं लागेल.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. पाहुण्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, शहरातली बरीच नामांकित मंडळी होती. कुणी प्यायले, कुणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावभर गदारोळ उठला. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. चहा उकळलेला होता. आजच्या कुठल्याही अन्ननिरीक्षकाने तो पास केला असता. प्रश्न पाण्याचा नव्हता, तो कुणाच्या हातचा याचा होता.

त्या काळात बऱ्याच घरांत पाव चालत नसे, कारण तो पायाने तुडवतात असं सांगितलं जाई आणि बेकरीवाला परधर्माचा असे. रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळायचं. आणि मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, त्यानंतर सनातन्यांनी ते तळं 'शुद्ध' करण्यासाठी त्यात काय ओतलं? शेण, गोमूत्र, दूध, दही. माणसाच्या ओंजळीने बाटलेलं पाणी शेणाने शुद्ध झालं असं भर दिवसा, मंत्र म्हणत जाहीर केलं गेलं. सूक्ष्मजंतूंचं शास्त्र तोपर्यंत चांगलं पन्नास वर्षांचं झालेलं होतं.

म्हणून मला वाटतं, 'हात न लावता' हे शब्द मराठी किंवा एकूण भारतीय कानाला दोन मजली ऐकू येतात. वरचा मजला जंतूंचा, आधुनिक. खालचा मजला विटाळाचा, जुना, कधी न बोललेला. जंतूंची भीती आपल्याकडे आली तेव्हा तिला बसायला जागा तयारच होती. आजही 'स्वच्छ हॉटेल' म्हणताना आपण टेबल बघतो, की टेबल पुसणारा? गाडीवाल्याच्या नखांकडे आपलं लक्ष जातं. मग लग्नात घामाघूम होऊन उघड्या अंगाने बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्याकडे का जात नाही?

हात निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. ती स्वतः ठणठणीत, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू कायम घर करून होते. ती ज्या घरांत स्वयंपाकाला राहिली तिथे माणसं आजारी पडत गेली. १९०७ मध्ये तिला पकडून बेटावर एकटीला ठेवलं, सोडलं, आणि १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती पुन्हा सापडल्यावर जे ठेवलं ते १९३८ मध्ये मरेपर्यंत. हातातून आजार जातो हे तिच्या निमित्ताने जगाला पक्कं कळलं. तिच्यासारखे निरोगी वाहक नंतर न्यूयॉर्कमध्ये आणखी बरेच सापडले. जन्मभर कोंडून ठेवली ती मात्र गरीब, एकटी, परदेशातून आलेली स्वयंपाकीणच.

फास्ट फूडच्या स्वयंपाकघराला कारखान्याची शिस्त लावली मॅकडोनल्ड भावांनी, १९४८ साली सॅन बर्नार्डिनोत. पदार्थ कमी केले, प्रत्येकाला एकच काम दिलं, काचेची ताटं-सुऱ्या काढून टाकल्या. आत काम करणारा माणूस तेव्हाच अर्धा यंत्र झाला होता. नंतर आलेल्या रोबोटला फक्त त्याच्या जागेवर उभं राहायचं होतं.

सुरक्षिततेची खरी रीत मात्र दुसरीकडून आली. १९६० च्या आसपास अंतराळवीरांसाठी जेवण बनवायचं होतं. अवकाशात जुलाब लागले तर काय, हा प्रश्न हसण्यासारखा वाटला तरी नासाला तो झोप लागू देत नव्हता. तयार पाकिटं फोडून तपासायची तर तपासण्यातच बरीचशी संपून जायची. म्हणून पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने उलटा विचार केला. शेवटी माल तपासण्यापेक्षा बनवताना धोका नेमका कुठल्या पायरीवर आहे ते शोधायचं, आणि त्या पायरीवर पहारा बसवायचा. या पद्धतीला हॅसप म्हणतात. आज बहुतेक मोठ्या साखळ्यांच्या भिंतीवर तिचे तक्ते असतात. वड्याच्या सारणाची आणि चटणीची जी गोष्ट मी वर केली, ती हॅसपचीच रीत आहे.

ती पाळली नाही की काय होतं ते १९९३ मध्ये दिसलं. जॅक इन द बॉक्स या साखळीचे बर्गर खाऊन अमेरिकेत सातशेच्या वर माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. मांसात ई. कोलायचा घातक प्रकार होता आणि टिक्क्या आतपर्यंत शिजल्या नव्हत्या. वॉशिंग्टन राज्याचा नियम होता, टिक्की आतून साधारण ६८ अंशांपर्यंत तापली पाहिजे. साखळी जुन्या, ६० अंशांच्या नियमावर शिजवत होती. आठ अंशांचा फरक. इथे रोबोट असता तर? तर त्याने प्रत्येक टिक्की बिनचूक ६० अंशांवर शिजवली असती, कारण त्याला तेच सांगितलेलं असतं.

यंत्र नियम पाळतं. नियम बरोबर आहे की नाही ते बघत नाही. आणि यंत्राला स्वतःचं एक पोट असतं, हे २००८ मध्ये कॅनडात कळलं. मेपल लीफ कंपनीच्या टोरोंटोतल्या कारखान्यातल्या शिजवलेल्या मांसाच्या चकत्या खाऊन वीसहून अधिक माणसं मेली. लिस्टेरिया नावाचा जंतू, जो फ्रीजच्या गारव्यातही वाढतो. शोध घेताना बोट शेवटी चकत्या कापणाऱ्या मोठ्या यंत्रांकडे गेलं. यंत्रं पुसली जात होती, धुतली जात होती, पण अगदी खोल आत, रोजच्या सफाईत उघडलाच न जाणाऱ्या भागात मांसाचा चुरा साचत होता. हाताला साबण लावता येतो. यंत्राच्या आतल्या कोपऱ्याला तो कोपरा आहे हे माहीत असल्याशिवाय काहीच लावता येत नाही.

या धोक्यावर उपाय म्हणून यंत्रालाच शहाणं करायचे प्रयत्नही झालेत. मॅकडोनल्ड्सची सॉफ्टी 'मशीन बंद आहे' म्हणून न मिळण्याचा जगभर विनोद झालाय. त्यामागचं एक कारण मजेशीर आहे. ते यंत्र रात्री आतलं दुधाचं मिश्रण सुमारे चार तास स्वतःच तापवून पुन्हा गार करतं, म्हणजे जंतू मरावेत. ही फेरी कुठे अडली की सकाळी ते चालूच होत नाही. लोक चिडतात. मला त्या यंत्राबद्दल आदर वाटतो. संशय आला तर विकू नका, असं ठणकावून सांगणारा मॅनेजर शोधून सापडणार नाही.

आणि सगळं जमलं तरी कांदा राहतोच. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतच मॅकडोनल्ड्सच्या एका बर्गरमुळे १४ राज्यांत १०४ माणसं आजारी पडली, एकाचा मृत्यू झाला. टिक्की व्यवस्थित शिजत होती. तपासाची सुई वर घातलेल्या कच्च्या, चिरलेल्या कांद्यावर थांबली. आपल्या हिरव्या चटणीचा हा सख्खा भाऊ.

मॅकडोनल्ड्स भारतात १९९६ साली आलं, दिल्लीत आणि पाठोपाठ मुंबईत. त्यांच्या टिक्क्या बनवायला तळोजात व्हिस्टा कंपनीचा कारखाना उभा राहिला. वडापावची गोष्ट इथे पुन्हा जोडली जाते. २००४ मध्ये वेंकटेश अय्यर आणि शिवदास मेनन यांनी कल्याणला गोली वडापाव सुरू केलं, आणि पुढे त्यांचे वडे याच कारखान्यात यंत्रावर बनू लागले. गोठवलेला वडा दुकानात यायचा, तिथे फक्त तळायचा. वड्याच्या गोळ्यावरून माणसाचा हात तिथे निघाला, रोबोटच्या व्हिडिओंच्या कितीतरी आधी. आणि मला विचाराल तर हे यंत्र योग्य जागी बसलं होतं. उघड्यावरच्या सारणाचा जो धोका, तो गोठवण्याने आटोक्यात येतो. फक्त आता सगळा भार गारव्यावर आला. कारखान्यापासून ट्रक, ट्रकपासून दुकानाचा फ्रीजर, कुठेही साखळी तुटता कामा नये. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते तेव्हा दुकानांतले फ्रीजर कुणी बघावेत. आइस्क्रीम वितळतं, पुन्हा घट्ट होतं, आणि डब्यावर 'हात न लावता' तसंच छापलेलं असतं.

इथे कायद्याबद्दल थोडं. १९५४ चा आपला जुना कायदा भेसळीचा होता. दुधात पाणी, मिरचीत विटेची पूड. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ साली झाला आणि २०११ मध्ये लागू झाला. चोर पकडण्यापेक्षा धोका ओळखण्याकडे बघणारा हा कायदा आहे. खाण्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, पाण्याची तपासणी, मालाची ठरावीक काळाने प्रयोगशाळेत तपासणी. जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलालाही मर्यादा आली. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे घटक साचतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल बाद.

त्याच वर्षी डिसेंबरात बातमी आली ती आमच्या शेजारची. राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाने लोणावळ्याच्या मगनलाल चिक्कीला उत्पादन आणि विक्री थांबवायला सांगितलं. कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून मालाची तपासणी करून घेतलेली नव्हती, हा आक्षेप होता. काही दिवसांत पूर्तता झाली आणि विक्री पुन्हा सुरू झाली. तेव्हा इथे लोक म्हणत होते, एवढ्या वर्षांची चिक्की, कुणाला काय झालंय, नुसत्या कागदासाठी धंदा बंद?

पण चिक्कीत शेंगदाणा असतो. शेंगदाण्याला दमट हवेत बुरशी धरते, आणि एका जातीची बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीत ते पहिल्यांदा सापडलं. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. ते डोळ्याला दिसत नाही, चवीला प्रत्येक वेळी कळत नाही, पाकाच्या उष्णतेने पुरतं जात नाही. हातमोजे घालून उपयोग नाही, स्टीलच्या हाताने लाटूनही उपयोग नाही. त्याला शोधतो तो प्रयोगशाळेतला कागदच. तो कागद कुठल्या प्रयोगशाळेचा, हेही महत्त्वाचं. २०१५ मध्ये शिशाच्या कारणावरून मॅगीवर बंदी आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवताना एक मुद्दा हाच धरला की तपासणाऱ्या प्रयोगशाळांना रीतसर मान्यता नव्हती. नव्याने तीन प्रयोगशाळांत तपासणी झाली, मॅगी पास झाली, नोव्हेंबरात परत आली. इतक्या मोठ्या, पूर्ण यांत्रिक कारखान्याबद्दल देशभर भांडण झालं, आणि त्यात हाताचा प्रश्न एकदाही आला नाही.

मग हाताचा प्रश्न येतो कुठे? तो येतो आजारी माणूस कामावर येतो तिथे. अमेरिकेच्या सीडीसीने २०१७ ते २०१९ मधले हॉटेलांतले ८०० उद्रेक तपासले. ज्यांचं कारण सापडलं त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत आजारी कामगाराचा हात होता. यंत्राची खरी बाजू इथे भक्कम आहे, ते मला मान्य करावंच लागतं. रोबोटला जुलाब होत नाहीत. पण माणूस जुलाब होत असताना तळणीवर का येतो, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते आमच्या घरात दिसतं. माझा आतेभाऊ एक्स्प्रेसवेवरच्या एका फूड मॉलमध्ये, एका साखळीच्या स्वयंपाकघरात आहे. नाव लिहीत नाही, त्याची नोकरी आहे. शिफ्टच्या आधी नखं तपासतात, टोपी तपासतात, दर तासाला हात धुतल्याची सही घेतात. गेल्या श्रावणात त्याला दोन दिवस जुलाब होते. फोन केला तर उत्तर मिळालं, 'ये जमलं तर, नाहीतर दिवस कापावा लागेल.' तो गेला. हातमोजे घातले, सही केली. आजारी माणसाने अन्नाला हात लावू नये असं नियमात स्पष्ट आहे, आणि त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर ते मराठीत छापून लावलेलंही आहे. दिवसाची मजुरी न कापता दोन दिवस घरी बसवायला जो खर्च येतो, तो रोबोटच्या किमतीपुढे काहीच नाही. पण त्याचा व्हिडिओ होत नाही.

त्यांच्याकडे आता स्वतः जाळी वर उचलणारी तळणी आली आहे. वेळ आणि तापमान तीच नोंदवते, तेल बदलायचं झालं की लाल दिवा लागतो. आतेभावाला ती आवडते. मनगटावरचे जुने भाजल्याचे डाग दाखवून म्हणतो, 'दादा, हे तरी आता थांबलं.' दोन माणसांचं काम एकावर आलं आणि दुसऱ्या पोराला पॅकिंगला हलवलं, हेही तोच सांगतो, फार रागाने नाही. मशीन उघडून धुवायचं शिकवायला कंपनीचा माणूस आला होता, अर्धा दिवस. इंग्रजी पुस्तक देऊन गेला. दुकान रात्री उशिरा निवतं, मग तो आणि आणखी एक पोरगा ते खोलतात. पहिल्याच आठवड्यात एक रबरी पट्टी उलटी बसली आणि तिच्यामागे पीठ साचलं. वासावरून त्यांच्याच लक्षात आलं. पुस्तकात ती पट्टी काढायला सांगितलेलीच नव्हती.

तेव्हापासून ते सुटे भाग काढतील त्या क्रमाने एका धुतलेल्या फडक्यावर मांडतात, फोनवर फोटो काढतात आणि दुसऱ्या रात्रीच्या पोरांना पाठवतात. मला त्याने तो फोटो दाखवला. पांढऱ्या फडक्यावर अकरा भाग, आणि ती रबरी पट्टी सगळ्यात पुढे, तिच्याभोवती बोटाने काढलेलं लाल वर्तुळ.